प्लेग, संशोधन आणि लोकांचा विश्वास

घरांत उंदीर मरून पडला कीं घर सोडावें, हें महाराष्ट्रांतील एका पिढीला कोणत्याही शाळेंत शिकविलेलें नव्हतें. तरी तें सर्वांना ठाऊक झालें होतें. आपल्यापैकीं पुष्कळांनीं आजीच्या किंवा पणजीच्या तोंडून त्या दिवसांच्या हकीकती ऐकल्या असतील. आढ्यावरून एखादा उंदीर झोकांड्या खात खालीं पडावा, घरांतल्या कर्त्या माणसाच्या तो दृष्टीस पडावा, आणि दिवस मावळण्याच्या आंत भांडींकुंडीं, अंथरुणें-पांघरुणें व गुरेंवासरें घेऊन सगळ्या कुटुंबानें गांवाबाहेरच्या माळावर झोंपडी घालून राहावयास जावें, असा तो क्रम असे. उंदराच्या मरणाचा आपल्या मरणाशीं संबंध काय, असें त्या माणसांना कोणी विचारलें असतें, तर त्यांना उत्तर देतां आलें नसतें. परंतु संबंध आहे, एवढें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें.

हाच संबंध शास्त्रानें निर्विवादपणें सिद्ध करावयास १८९६ पासून पुढें सुमारें दहा वर्षें लागलीं. त्या दहा वर्षांत सरकारनें अनेक उपाय केले, त्यांतील कित्येक मोठ्या निष्ठुरपणें केले, आणि बहुतेक उपायांचा रोख उंदराऐवजीं माणसावर होता. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासांत या प्रकरणाला जें महत्त्व आहे, तें यासाठींच. रोगाचें ज्ञान, सरकारची सत्ता आणि लोकांचा विश्वास या तीन गोष्टी एकमेकींपासून दुरावल्या म्हणजे काय होतें, आणि त्या जवळ येऊं लागल्या म्हणजे काय साधतें, हें येथें स्पष्ट दिसतें. तीच कथा आज थोडक्यांत सांगावयाची आहे.

सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांना एका नव्याच तापाचे रोगी आढळूं लागले. ताप जबर, रोग्याची शुद्ध हरपलेली, आणि जांघेंत किंवा काखेंत दुखरी गांठ. डॉ. व्हिएगस हे मूळचे गोव्यांतील बार्देशचे. मुंबई महापालिकेचे ते सभासद होते. हा गांठीचा प्लेग आहे असें निदान करून त्यांनीं तें महापालिकेपुढें मांडलें. व्यापारी शहरांत असें बोलणें सोपें नसतें. प्लेगचें नांव निघालें कीं जहाजें थांबतात, माल अडकतो, आणि पहिल्यानें बोलणाऱ्यावरच लोकांचा रोष होतो. परंतु थोड्याच दिवसांत त्यांचें निदान खरें ठरलें.

रोग कोठून आला असावा याचा अंदाज करणें कठीण नव्हतें. १८९४ सालीं हाँगकाँगमध्यें प्लेगची मोठी सांथ झाली होती, आणि त्या बंदराशीं मुंबईचा जहाजांचा सतत व्यवहार होता. मांडवी भाग गोदीला लागून आहे. तेथें धान्याचीं मोठमोठीं कोठारें होतीं, आणि जेथें धान्य तेथें उंदीर हें ओघानेंच आलें. हाँगकाँगच्या त्या सांथींतच येर्सें आणि कितासातो या दोघां संशोधकांनीं प्लेगच्या जंतूचा शोध लाविला होता. म्हणजे मुंबईंत रोग शिरला तेव्हां त्याला कारण होणारा जंतु विद्वानांच्या परिचयाचा होता. तो एका शरीरांतून दुसऱ्या शरीरांत कोणत्या वाटेनें जातो, एवढें मात्र कळलें नव्हतें. आणि पुढील बराचसा अनर्थ त्या एका अज्ञानांतून उद्भवला.

वाट ठाऊक नसली म्हणजे मनुष्य जुन्या समजुतींचा आश्रय घेतो. त्या काळच्या आरोग्याधिकाऱ्यांची समजूत अशी होती कीं, असे रोग घाणींतून, कोंदट हवेंतून आणि ओलसर जमिनींतून उत्पन्न होतात. मुंबईंत जे उपाय सुरू झाले ते या समजुतीला धरून झाले. गटारांतून समुद्राचें पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडण्यांत आलें. चाळींच्या भिंतींना चुना फांसला, खोल्यांच्या जमिनी खणल्या, उजेड यावा म्हणून छपरांवरचीं कौलें उतरविलीं, रोग्यांचीं अंथरुणें जाळलीं. जीं घरें राहण्यास धोक्याचीं वाटलीं, त्यांच्या भिंतींवर ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ या अर्थाचीं तीन इंग्रजी अक्षरें रंगविण्यांत आलीं. यांतील कित्येक गोष्टी स्वभावतः वाईट होत्या असें नाहीं. स्वच्छता आणि उजेड कोणाला नको आहे? परंतु ज्या प्राण्याबरोबर रोग घरांत येत होता, तो आढ्यावर आणि जमिनीखालच्या बिळांत सुखरूप होता. गटारांतून पाण्याचे लोट सोडल्यावर तेथले उंदीर वर घरांकडेच वळले असले पाहिजेत, असेंही पुढें कित्येकांनीं म्हटलें आहे.

याच्या जोडीला दुसरा उपाय आला, तो रोग्याला घरांतून उचलून इस्पितळांत नेण्याचा. ऑक्टोबर १८९६ च्या आरंभीं महापालिकेच्या आयुक्तांनीं तशी जाहीर नोटीस काढिली. इस्पितळ म्हटलें कीं आज आपणांस बरें होण्याची जागा डोळ्यांपुढें येते. त्या वेळच्या गिरणी कामगाराला तसें वाटत नव्हतें. प्लेगवर औषध नव्हतें. इस्पितळांत गेलेला मनुष्य बहुधा परत येत नसे. घरच्या माणसांना त्याच्या उशापायथ्याशीं बसतां येत नसे, त्याला अन्नपाणी कोणाच्या हातचें मिळतें हें कळत नसे, आणि त्याचे अंत्यविधि आपल्या रीतीप्रमाणें होतील याची शाश्वती नसे. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं सुमारें हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड इस्पितळावर चालून गेला.

ज्यांना चालून जावयाचें नव्हतें, त्यांनीं शहर सोडलें. १८९१ च्या खानेसुमारीप्रमाणें मुंबईची वस्ती आठ लाखांच्या वर होती. १८९७ च्या आरंभींच्या महिन्यांपर्यंत त्यांतील जवळजवळ निम्मे लोक बोटींनीं आणि आगगाड्यांनीं कोंकणांत, देशावर आणि गुजराथेंत निघून गेले. गिरण्यांचे भोंगे वाजत, पण कामावर येणारे हात उरले नव्हते. आणि पळणाऱ्यांच्या गांठोड्यांबरोबर रोगही गांवोगांव जाऊन पोंचला.

सरकारच्या धास्तीचें कारणही समजून घेतलें पाहिजे. युरोपांतील राष्ट्रें हिंदुस्थानचा माल आणि हिंदुस्थानचे प्रवासी अडविण्याच्या गोष्टी बोलूं लागलीं होतीं. १८९७ च्या आरंभीं व्हेनिस येथें याच प्रश्नासाठीं आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आपण कडक उपाय करीत आहोंत, हें जगाला दाखविणें सरकारला अगत्याचें वाटलें. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. मूळचा हा कायदा अवघ्या चार कलमांचा. परंतु सांथ थांबविण्यासाठीं जो उपाय आवश्यक वाटेल तो करण्याचा अधिकार त्यानें सरकारला दिला, आणि त्या कायद्याखालीं सद्भावनेनें केलेल्या कृत्यांबद्दल कोणावर दावा लावतां येणार नाहीं, अशीही तरतूद केली.

या कायद्याच्या जोरावर पुण्यांत जें घडलें तें महाराष्ट्राला विसरणें शक्य नाहीं. वॉल्टर चार्ल्स रँड या मुलकी अधिकाऱ्याच्या हातीं प्लेग कमिटीचीं सूत्रें देण्यांत आलीं, आणि घरोघर झडत्या घेण्यासाठीं गोऱ्या शिपायांच्या टोळ्या फिरूं लागल्या. देवघर आणि माजघर यांचा विधिनिषेध उरला नाहीं, स्त्रियांची तपासणी परक्या पुरुषांदेखत होते, सामानसुमानाची नासधूस होते, अशा तक्रारी शहरभर झाल्या. २२ जून १८९७ च्या रात्रीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परततांना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर व बाळकृष्ण या चापेकर बंधूंनीं गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट तत्काळ ठार झाले, रँड ३ जुलै रोजीं मरण पावले. दामोदर चापेकरांना पुढील वर्षीं फांशी झाली. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली.

राजकारणाच्या इतिहासांत हा प्रसंग आपण वाचतों, आणि तो तेथें योग्यच आहे. आरोग्याच्या दृष्टीनें पाहतां त्याचा आणखी एक अर्थ ध्यानांत येतो. झडतीची भीति पसरल्याबरोबर लोकांनीं रोगी लपविण्यास सुरुवात केली. कोणी त्यांना माळ्यावर ठेवी, कोणी रात्रींतून परगांवीं नेई, कोणी मृत्यूचें कारण भलतेंच सांगे. सांथीशीं झगडणाऱ्या सरकारला जी माहिती सर्वांत अधिक हवी होती, नेमकी तीच दडविणें हें प्रत्येक कुटुंबाला आपलें कर्तव्य वाटूं लागलें. डोळे उघडे ठेवण्यासाठीं नेमलेल्या माणसांनीं अशा रीतीनें स्वतःचेच डोळे झांकून घेतले.

तथापि रोग्याला घराबाहेर काढणें लोकांना मुळींच नको होतें, असें म्हणतां येणार नाहीं. त्याला कोण नेतो आणि कोठें नेतो, हा खरा प्रश्न होता. त्याच सुमारास पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनीं आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या साह्यानें प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना चालविला होता. तेथें त्या स्वतः रोग्यांना घेऊन येत. ती सेवा करतां करतांच त्यांना रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. टिळकांनींही पुण्यांत हिंदु लोकांसाठीं प्लेगचें खासगी इस्पितळ उघडण्यांत पुढाकार घेतला. मुंबईंत जनरल गॅटेकर यांच्या कमिटीनें झडत्या घेतल्या खऱ्या, परंतु निरनिराळ्या जातींना आणि धर्मांच्या लोकांना आपापलीं इस्पितळें काढण्यास परवानगीही दिली. आपल्या माणसांच्या देखरेखीखालीं चाललेल्या इस्पितळांत जाण्यास लोक कमी कचरत. पुढें मार्च १८९८ मध्यें मुंबईंत एका विणकराच्या घरांतील आजारी मुलीला नेण्यावरून मोठा दंगा झाला, आणि त्यानंतर सरकारनें सक्तीचा हात हळूहळू आवरता घेतला.

आतां या कोलाहलापासून थोडें दूर, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका खोलीकडे वळूं. ऑक्टोबर १८९६ मध्यें तेथें वाल्डेमार हाफकिन हे संशोधक येऊन दाखल झाले. रशियांतील ओडेसा शहरीं १८६० सालीं एका ज्यू कुटुंबांत त्यांचा जन्म झाला होता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत त्यांनीं पटकीवरील लस तयार केली होती आणि ती घेऊन १८९३ पासून ते हिंदुस्थानांत हिंडत होते. मुंबईंत त्यांना मिळाली ती एक खोली, बाहेरचा पडवीवजा भाग, एक कारकून आणि तीन शिपाई. या सामुग्रीवर त्यांनीं प्लेगची लस करावयास घेतली. मांसरसाच्या चंबूंत त्यांनीं प्लेगचे जंतु वाढविले आणि त्या रसावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांच्या खालच्या अंगाला जंतूंच्या झुंबरासारख्या लोंबत्या वेली वाढत. चंबू हालविला कीं त्या तुटून तळाशीं बसत आणि वर नव्या वाढूं लागत. असें पुष्कळ पीक आल्यावर उष्णतेनें जंतु मारावयाचे आणि मेलेल्या जंतूंचा तो रस टोंचावयाचा. आपल्या रोजच्या स्वयंपाकघरांतलें तूप अशा रीतीनें एका मोठ्या शोधाच्या कामीं आलें.

१० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ही लस प्रथम स्वतःला टोंचून घेतली. त्यांना ताप आला, दुखलें, आणि ते बरे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकीं जे राजी झाले त्यांना लस टोंचली, इतरांना टोंचली नाहीं, आणि दोन्ही गटांवर लक्ष ठेविलें. टोंचलेल्यांत रोग व मृत्यु कमी झाले. तुरुंगांतील मनुष्याच्या राजीखुशीला किती अर्थ असतो, हा प्रश्न आज आपण विचारूं, आणि विचारलाच पाहिजे. तरी ज्याला टोंचलें त्याची न टोंचलेल्याशीं तुलना करून मगच बोलावयाचें, ही शिस्त तेथें पाळली गेली. पुढें आगाखान यांनीं लोकांसमक्ष स्वतः लस टोंचून घेतली आणि आपल्या अनुयायांना तसें करण्यास सांगितलें. १८९९ सालीं हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें गेली. १९२५ मध्यें तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव मिळालें. लस सर्वस्वी निर्दोष होती असें नाहीं. तिनें धोका कमी होई, नाहींसा होत नसे. परंतु ज्या दिवसांत सर्व कांहीं सक्तीनें चाललें होतें, त्या दिवसांत लोकांनीं आपण होऊन दंड पुढें करावा अशी ती एक गोष्ट होती.

लस मिळाली, तरी रोगाची वाट अद्याप सांपडली नव्हती. ती प्रथम दिसली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांना. पाश्चर संस्थेनें त्यांना १८९७ मध्यें हिंदुस्थानांत पाठविलें होतें. नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणारे आजारी पडतात, परंतु मरून बराच वेळ झालेला उंदीर तितका धोक्याचा नसतो, असें त्यांच्या ध्यानांत आलें. मेलेल्या उंदराचें शरीर थंड पडलें कीं त्याच्या अंगावरील पिसवा दुसरें ऊबदार शरीर शोधीत निघतात, हें त्याचें कारण असावें असा त्यांनीं तर्क केला. जून १८९८ मध्यें कराचीस त्यांनीं एका मोठ्या कांचेच्या बरणींत पिसवांसह एक रोगी उंदीर ठेविला आणि त्याच बरणींत जाळीच्या पिंजऱ्यांत एक निरोगी उंदीर ठेविला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणें शक्य नव्हतें. पिसवांना मात्र जाळींतून जाण्यास मज्जाव नव्हता. रोगी उंदीर मेला. कांहीं दिवसांनीं निरोगी उंदीरही प्लेगनें मेला.

एवढा मोठा शोध जगानें डोक्यावर घ्यावा, असें आपणांस वाटेल. तसें घडलें नाहीं. सिमों यांचे प्रयोग थोडे होते, आणि इतरांना ते तसेच करून दाखवितां येईनात. सरकारनें १८९८ सालीं नेमलेल्या प्लेग आयोगानें देशभर साक्षी घेतल्या, जाडजूड अहवाल तयार केले, परंतु पिसवेच्या कल्पनेला त्यानें थारा दिला नाहीं, आणि उंदरालाही गौण स्थान दिलें. विद्वानांनींही कधींकधीं घरांतल्या म्हातारीपेक्षां कमी पाहावें, याचें हें उदाहरण आहे. गढवालच्या डोंगरी मुलखांतील लोक तर महामारीच्या वेळीं उंदीर मरूं लागतांच गांव सोडून जात, हें एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज अधिकाऱ्यांनींच लिहून ठेविलें होतें. कागद कचेरींत होता. तो उलगडून पाहण्याची बुद्धि झाली नाहीं.

मध्यंतरीं एक दुःखद घटना घडली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकोवाल या गांवीं १०७ लोकांना लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मरण पावले. हे सगळे एकाच बाटलींतील लस टोंचलेले होते. चौकशी होऊन दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यांत आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावें लागलें. वस्तुतः बाटली उघडतांना गांवींच जमिनीवर पडलेला चिमटा पुरेसा निर्जंतुक न करतां वापरला गेला होता. ही गोष्ट नोंदलेली असून तिच्याकडे दुर्लक्ष झालें. रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं १९०७ मध्यें हाफकिन यांची बाजू जाहीरपणें मांडली, तेव्हां त्यांच्यावरील कलंक दूर झाला. परंतु पांच वर्षें गेलीं होतीं, आणि त्या पांच वर्षांत पंजाबांत प्लेगनें थैमान घातलें. १९०७ या एका वर्षींच हिंदुस्थानांत १३ लाखांहून अधिक माणसें प्लेगनें मेलीं. लोकांनीं ज्या लशीवर भरंवसा ठेवावयाचा, तिच्याविषयींची चौकशी घाईनें आणि एकांगी झाली, तर तिचें मोल कोणाला द्यावें लागतें, हें या घटनेंत दिसतें.

शेवटीं १९०५ सालीं नव्या पद्धतीनें काम सुरू झालें. इंडिया ऑफिस, लंडनची रॉयल सोसायटी आणि लिस्टर संस्था यांच्या विद्यमानें संशोधकांचें एक मंडळ परळच्या प्रयोगशाळेंत बसलें. साक्षीपुरावे गोळा करण्याऐवजीं त्यांनीं प्रयोग मांडले. तेथें काम करणारे कॅप्टन ग्लेन लिस्टन यांनीं त्यापूर्वींच एक सोपी युक्ति काढली होती. प्लेग झालेल्या घरांत ते गिनीपिग मोकळे सोडीत. कांहीं वेळानें त्या प्राण्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झालेल्या सांपडत, आणि पुढें त्यांतील कित्येक प्राणी प्लेगनें मरत. घरांत रोग आहे कीं नाहीं हें कळण्यासाठीं आतां कोणाच्या बायकामाणसांना रस्त्यावर उभें करण्याचें कारण उरलें नाहीं. एक लहानसा प्राणी तें काम निमूटपणें करीत होता.

मंडळानें परळला मुद्दाम लहान लहान घरें बांधिलीं आणि त्यांत गिनीपिगांचे पिंजरे ठेविले. एकत्र राहणाऱ्या प्राण्यांत पिसवा नसल्या, तर रोगी प्राण्याच्या सहवासानें निरोगी प्राण्याला प्लेग होत नसे. पिसवा सोडल्या कीं रोग पसरे. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यांतील प्राण्यांना रोग झाला. दोन फुटांवर टांगलेले वांचले. कारण उघड होतें. पिसवेची उडी दोन फूट जात नाहीं. विषारी हवेला मात्र दोन फूट चढण्यास कांहींच अडचण नव्हती. घाणेरड्या हवेचा जुना सिद्धान्त त्या टांगलेल्या पिंजऱ्यांपुढें टिकला नाहीं. मंडळानें मुंबईंतील उंदीरही तपासले आणि असा क्रम दाखविला कीं, प्रथम गटारांतील उंदीर मरतात, नंतर सुमारें दहा दिवसांनीं घरांतील काळे उंदीर मरूं लागतात, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनीं माणसें आजारी पडूं लागतात. म्हणजे उंदीर पडल्यापासून माणसाच्या हातीं एक-दोन आठवडे असतात. माळावरच्या झोंपडीचें शास्त्र अखेर छापील अहवालांत उतरलें.

या ज्ञानानें धोरण बदललें. उंदीर मरूं लागतांच खबर द्यावी, घरें रिकामीं करावींत, ज्याची इच्छा असेल त्यानें लस घ्यावी, धान्य उंदरांपासून दूर ठेवावें, आणि घरें अशीं बांधावींत कीं त्यांत बिळें होऊं नयेत, या गोष्टींवर भर आला. यांत कोणाच्या माजघरांत शिरण्याची गरज नव्हती. उलट लोकांनीं आपण होऊन खबर दिली तरच यांतलें कांहीं चालणारें होतें. शास्त्र आणि शिष्टाचार येथें एकाच वाटेनें जाऊं लागले.

तरी सर्व कांहीं सुधारलें असें समजूं नये. घरांचा प्रश्न मोठा होता. मुंबईंत १८९८ च्या कायद्यानें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला होता. त्यानें दाट वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याची आंखणी केली. परंतु ज्यांचीं घरें पाडलीं, त्या सर्वांना नवीं घरें वेळेवर मिळालीं नाहींत. पुष्कळ कुटुंबें शेजारच्या वस्तींत दाटीवाटीनें जाऊन राहिलीं, आणि एका गल्लींतली गर्दी दुसऱ्या गल्लींत गेली. प्लेग पुढें कित्येक वर्षें रेंगाळला. १८९६ नंतरच्या तीसेक वर्षांत त्यानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. तो ओसरला त्याला कारणें अनेक झालीं, आणि उंदरांच्या पुढील पिढ्यांत निर्माण झालेली प्रतिकारशक्ति हेंही त्यांपैकीं एक असावें असें अभ्यासकांचें मत आहे. त्यानंतर सल्फा औषधें आणि स्ट्रेप्टोमायसिन आलें, आणि वेळेवर ओळखलेला प्लेग बरा होऊं लागला.

इतकें असूनही जुनी भीति मेली नव्हती. १९९४ सालीं सुरतेंत प्लेगची बातमी उठतांच लाखों लोकांनीं शहर सोडलें. त्या वेळीं औषध होतें. त्याच्यावर आणि तें देणाऱ्यावर भरंवसा किती होता, हा प्रश्न होता. पुढें २०२० सालीं कोरोनाची सांथ आली, तेव्हां हाच १८९७ चा कायदा राज्यांनीं पुन्हां वापरला. कायद्यावांचून चालत नाहीं, हें खरें आहे. संसर्ग रोखण्यासाठीं कधींकधीं एकाच्या स्वातंत्र्याला मुरड घालावी लागते, हेंही खरें आहे. परंतु कायदा कोणतीही माहिती निर्माण करीत नाहीं. ती प्रयोगशाळेंतून येते आणि घराघरांतून येते; आणि घरांतून येणारी माहिती दार ठोठावणाऱ्याच्या वर्तनावर अवलंबून असते.

१८९७ च्या मार्चमध्यें पुण्याच्या वाड्यावाड्यांतून ज्या टोळ्या फिरल्या, त्यांच्यापुढें उभ्या असलेल्या घरधनिणीला पुष्कळ कांहीं सांगतां आलें असतें. कोणत्या कोपऱ्यांत उंदीर पडला, किती दिवसांपूर्वीं पडला, त्यानंतर घरांत पहिला ताप कोणाला आला, हें सगळें तिला ठाऊक होतें. पुढें परळच्या विद्वानांनीं एवढ्या परिश्रमानें जो क्रम जुळविला, त्याचा आरंभ तिच्या ओसरीवर होता. उंबऱ्याबाहेर थांबून तिला तेवढें विचारण्यास मात्र त्या दिवशीं कोणी आलें नव्हतें.